कंद वाटा, पण नावासकट

मोशी, चिखली, डुडुळगाव या पट्ट्यात गेल्या काही वर्षांत शेतांच्या जागी सोसायट्या उभ्या राहिल्या. इंद्रायणीकाठच्या या गावांत पूर्वी बाग म्हटली की विहीर, पाट आणि वाफे डोळ्यांसमोर येत. आता बाग म्हणजे सहाव्या मजल्यावरची गॅलरी आणि तिच्या कठड्याशी ओळीने मांडलेल्या कुंड्या. घरातली माणसे भोसरी-चाकणच्या कारखान्यांत पाळ्यांवर जाणारी. पाणीही रोज नाही. पिंपरी-चिंचवडला नोव्हेंबर २०१९ पासून दिवसाआड पाणीपुरवठा सुरू झाला. अशा गॅलरीत गुलाब रुसतो आणि जास्वंदीवर मावा पडतो. निशिगंध, मे फ्लॉवर, पावसाळी लिली, ॲमॅरिलिस ही कंदवर्गीय झाडे मात्र निभावून नेतात. चार दिवस पाणी चुकले तरी ती मरत नाहीत, कारण त्यांची शिदोरी मातीखाली बांधलेली असते.

या झाडांचा आणखी एक गुण म्हणजे ती वाढतात तशी वाटताही येतात. एक कंद लावला, की दोन-तीन वर्षांत कुंडी पिल्लांनी भरते. मग एखाद्या रविवारी कुंडी उलटी करायची, कंद सुटे करायचे, आपल्याला हवे तेवढे ठेवायचे आणि उरलेले पिशवीत घालून शेजारी, मैत्रिणीकडे, गावी पाठवायचे. आपल्याकडे अनेक घरांतली लिली अशीच आलेली असते. ती विकत घेतलेली नसते, कुणीतरी दिलेली असते.

डॉक्टरांच्या दृष्टीने धोक्याची जागाही नेमकी हीच. जमिनीत असताना कंद कुणाचे काही बिघडवत नाही. जमिनीतून निघून, पाने झडलेला, माती झटकलेला, तपकिरी सालीचा तो गोळा जेव्हा बिननावाच्या पिशवीतून दुसऱ्याच्या स्वयंपाकघरात पोहोचतो, तेव्हा तो कांद्यासारखा दिसतो. दिसायचे कारणही आहे. आधुनिक वनस्पतिशास्त्रात कांदा, लसूण, ॲमॅरिलिस, पावसाळी लिली, स्पायडर लिली, मे फ्लॉवर ही सगळी एकाच कुळात मोडतात. कुळ एक असले तरी स्वभाव एक नाही. कांदा-लसूण आपण रोज खातो. त्यांचे हे फुलवाले भाऊबंद विषारी आहेत.

कांदा उभा कापून पाहा

कंदाची रचना समजून घ्यायला बाग लागत नाही. स्वयंपाकघरातला एक कांदा देठापासून मुळाकडे उभा चिरावा. तळाशी एक कडक, पांढरट चकती दिसते. ते खरे खोड. मुळे तिच्या खालून फुटतात. चकतीवर एकात एक बसलेले जाड थर दिसतात, ती पानांची बूडे. पाणी, साखर आणि इतर अन्न तिथे साठवलेले असते. अगदी मध्यभागी पुढच्या हंगामाचा कोंब असतो. थरांच्या बगलेत, चकतीला चिकटून, लहान कळ्या असतात. त्या फुगल्या की पिल्ले तयार होतात. कांद्यात कधीकधी दोन-तीन कोंब निघतात ते याच कारणाने.

फुलझाडांच्या कंदातही हेच घडते. ॲमॅरिलिससारख्या कंदात येत्या हंगामाचे फूल आधीच्या हंगामातच आकार घेऊ लागते. ते घडते पानांनी बनवलेल्या अन्नावर. म्हणून फूल सुकले की दांडा कापावा, पण हिरवी पाने कापू नयेत. कुंडी नीटनेटकी दिसावी म्हणून पाने छाटणे, किंवा त्यांची वेणी घालून गाठ मारणे, म्हणजे पुढच्या वर्षीच्या फुलाचा घास काढून घेणे. पाने आपोआप पिवळी पडली, की समजावे, साठा खाली उतरला. मग पाणी तोडावे. अनेक कंदांना वर्षातून काही आठवडे कोरडी विश्रांती लागते. मे फ्लॉवरची कुंडी हिवाळ्यात रिकामी दिसते म्हणून दर वर्षी कुणी ना कुणी ती मेली समजून फेकून देते. तोच कंद थांबला असता, तर उन्हाळ्याच्या शेवटी लाल चेंडू घेऊन वर आला असता.

फुले का थांबतात

‘पहिली दोन वर्षे छान फुलले, आता नुसती पाने’ ही तक्रार जवळजवळ नेहमी गर्दीची असते. निशिगंधाचे उदाहरण घ्या. मूळचा मेक्सिकोचा हा पाहुणा महाराष्ट्रात निशिगंध, गुलछडी, रजनीगंधा अशा नावांनी रुळला. राहुरीच्या महात्मा फुले कृषी विद्यापीठाने त्याची ‘फुले रजनी’ ही जातही दिली आहे. निशिगंधाचा एक कंद एकदाच दांडा देतो. त्यानंतर त्याचे काम त्याच्या पिल्लांकडे जाते. पिल्लांना जागा मिळाली तर ती फुगतात आणि फुलतात. तीन वर्षांत मात्र एका कुंडीत वीस-पंचवीस पिल्ले दाटीने बसतात, तीच माती, तेच पाणी वाटून घेतात, आणि फुलण्याइतके मोठे कुणीच होत नाही. शेतकरीदेखील साधारण तीन वर्षांनी निशिगंधाचे वाफे मोडून कंद नव्याने लावतात. कारण हेच.

म्हणजे वाटणी ही बागेची चैन नाही, झाडाची गरज आहे.

वाटणी कधी आणि कशी

सर्वसाधारण नियम असा: कंद विश्रांतीत असताना उचलावा, वाढ सुरू होण्याआधी लावावा. पुण्याच्या हवेत निशिगंधाचे पाणी हिवाळ्याच्या अखेरीस तोडतात, पाने सुकल्यावर कंद काढतात आणि एप्रिल-मेमध्ये लावतात. मे फ्लॉवर जानेवारी ते मार्चच्या दरम्यान हलवावा. त्याला वारंवार उपटणे आवडत नाही. तीन-चार वर्षांतून एकदा पुरे, आणि हलवल्यावर एखादे वर्ष तो फुलला नाही तर धीर धरावा. स्पायडर लिली, पावसाळी लिली यांची विभागणी पावसाच्या तोंडावर सोपी जाते. ग्लॅडिओलसचे गड्डे फुले संपल्यावर साधारण सहा ते आठ आठवड्यांनी, पाने पिवळी पडल्यावर काढतात.

कुंडी आडवी करून मातीचा गोळा अख्खा बाहेर घ्यावा. खुरपे कंदांच्या मधोमध खुपसू नये. जखमी कंद हमखास सडतो. माती बोटांनी मोकळी करावी. जी पिल्ले हलक्या हाताने सुटतात ती तयार समजावीत. जी आईच्या चकतीला घट्ट धरून आहेत, ती तशीच राहू द्यावीत. मऊ पडलेले, काळपट डागांचे, कुबट वासाचे कंद वेगळे काढून टाकावेत. उरलेले दोन-तीन दिवस सावलीत, वारा लागेल असे पसरावेत. उन्हात वाळवू नयेत.

लावताना कंदाच्या उंचीच्या दुप्पट खोली हा ढोबळ हिशेब चालतो. ॲमॅरिलिस अपवाद: त्याची मान आणि वरचा थोडा भाग मातीबाहेरच ठेवावा. मे फ्लॉवरचे टोकही मातीच्या पृष्ठभागाशी राहू द्यावे. माती पाणी धरून न ठेवणारी हवी. पोयट्याची माती, चांगले कुजलेले कंपोस्ट आणि जाड वाळू सारख्या प्रमाणात घेतली तरी भागते. शहराचा कचरा डेपो मोशीतच असल्याने कचऱ्याचा प्रश्न इथल्या लोकांना वेगळा सांगावा लागत नाही. भाजीची देठे-साले घरीच कुजवली तर दोन्ही कामे होतात. मात्र अर्धकच्चे खत कंदाला लागू देऊ नये. त्याने कंद सडतो.

कंद म्हणून ओळखली जाणारी सगळीच झाडे सारखी नसतात, तेव्हा वाटणीची रीतही बदलते. ग्लॅडिओलसचा गड्डा थरांचा नसून भरीव असतो. जुना आकसतो आणि त्याच्या डोक्यावर नवा तयार होतो. सोनटक्का आणि कर्दळ आल्यासारखी आडवी पसरतात. त्यांचे तुकडे सुरीने करावेत, प्रत्येक तुकड्यावर दोन-तीन डोळे ठेवावेत. डेलियाच्या रताळ्यासारख्या गाठीला स्वतःचा डोळा नसतो. जुन्या खोडाचा डोळा असलेला भाग तिच्यासोबत आला नाही, तर ती नुसतीच कुजते.

ट्युलिप आणि हायसिंथचे कंद हल्ली घरपोच मिळतात. त्यांना फुलण्याआधी तीन-चार महिने सलग थंडी लागते. श्रीनगरच्या २००७ मध्ये खुल्या झालेल्या ट्युलिप बागेला ती निसर्गातून मिळते, मोशीला नाही. म्हणून लोक ते फ्रिजमध्ये ठेवतात, आणि बहुधा भाजीच्या कप्प्यात. इथे दोन चुका एकदम होतात. पिकणारी फळे इथिलिन वायू सोडतात, त्याने कंदातली कोवळी कळी करपते. आणि भाजीच्या कप्प्यात ठेवलेली वस्तू घरातले कुणीही भाजी समजू शकते.

साठ्याला पहारा

पिठासाखरेने भरलेला गोळा मातीत वर्षभर पडून राहतो, तरी उंदीर-घुशी आणि किडे तो फस्त का करत नाहीत? कारण झाडाने साठ्यावर पहारा बसवलेला असतो. हा पहारा दोन प्रकारचा असतो.

पहिला म्हणजे सुया. अनेक कंदांच्या पेशींत कॅल्शियम ऑक्झलेटचे सूक्ष्म, टोकदार स्फटिक असतात. अळू नीट शिजले नाही की घसा खवखवतो आणि सुरण चिरताना हात खाजतात, ते याच सुयांमुळे. डॅफोडिलची फुले तोडणाऱ्या मजुरांच्या हातांना होणारे पुरळही याच जातीचे. ट्युलिप हाताळणाऱ्यांच्या बोटांची कातडी फाटते ती मात्र एका वेगळ्या रसायनाने. कंद सुटे करताना हातमोजे घालावेत, डोळे चोळू नयेत, काम संपल्यावर साबणाने हात धुवावेत. विकतच्या कंदांवर अनेकदा बुरशीनाशक चोळलेले असते, तेव्हा तर हे आवश्यकच.

दुसरा पहारा विषाचा. ॲमॅरिलिस, स्पायडर लिली, पावसाळी लिली, डॅफोडिल यांच्या कंदांत लायकोरिन आणि त्याच्या जातीची अल्कलॉइडे असतात. ती पोटात गेली की थोड्या वेळात मळमळ, लाळ सुटणे, उलट्या, पोटात कळा, जुलाब सुरू होतात. धडधाकट माणूस बहुतेक वेळा सावरतो. लहान मूल किंवा वृद्ध मात्र पाणी कमी होऊन झपाट्याने खालावू शकतात. शिजवल्याने हे विष जात नाही. इंग्लंडमधील सफोक परगण्यातल्या एका प्राथमिक शाळेत २००९ मध्ये मुलांनी वर्गात सूप बनवले. त्यात कांद्यांबरोबर डॅफोडिलचा एक कंद चुकून गेला आणि डझनभर मुलांना उलट्या, पोटदुखी झाली. पुढे त्या देशाच्या आरोग्य यंत्रणेने दुकानदारांना डॅफोडिल भाजीपाल्याजवळ मांडू नका, अशी सूचना केली.

दुसऱ्या महायुद्धाच्या अखेरीस, १९४४-४५ च्या उपासमारीच्या हिवाळ्यात नेदरलँड्समधल्या लोकांनी ट्युलिपचे कंद खाऊन दिवस काढले, हे खरे. तेही मधला कोंब काढून टाकून, आणि दुसरे काही मिळत नव्हते म्हणून. तो दाखला घेऊन कंदाची चव पाहण्याचे कारण नाही.

आपल्याकडची दोन नावे याहून गंभीर आहेत. पहिले कळलावी. गौरी-गणपतीच्या दिवसांत कुंपणावर चढून लाल-पिवळ्या ज्वाळांसारखी फुलणारी ही वेल आता कुंडीतही लावतात. तिचा इंग्रजी व्ही अक्षरासारखा दुबेळक्या कंद, आणि खरे तर सगळीच वेल, कोल्चिसिन नावाच्या द्रव्याने भरलेली असते. कोल्चिसिन पेशींचे विभाजन रोखते. ज्या पेशी सतत नव्याने तयार होतात, त्यांना पहिला फटका बसतो: आतड्याचे अस्तर, अस्थिमज्जा, केसांची मुळे. सुरुवात काही तासांनी उलट्या-जुलाबांनी होते आणि ती साध्या अन्नविषबाधेसारखी वाटते. एक-दोन दिवसांत मूत्रपिंड, यकृत, हृदय, रक्तातील पेशी असे एकेक कोलमडू लागते. त्यातून वाचलेल्यांचे केस पुढच्या आठवड्यांत गळतात. यावर हाताशी असलेला उतारा नाही. प्रसूतीच्या कळांसाठी हा कंद वापरण्याच्या जुन्या प्रथेशी तिच्या नावाचा संबंध जोडला जातो. तो प्रयोग आज कुणीही करू नये.

दुसरे नाव रानकांदा, ज्याला कोळकांदाही म्हणतात. उन्हाळ्यात उघड्या माळावर याचा दांडा पानांआधी वर येतो. कंद हुबेहूब कांद्यासारखा. त्यातली द्रव्ये डिजिटॅलिसच्या जातीची, हृदयाचे ठोके बिघडवणारी आहेत. सह्याद्रीत फिरायला गेलेल्यांनी असे कंद उपटून घरी आणू नयेत. एक तर ते डोंगराचे धन आहे, आणि घरी आणल्यावर त्याला ओळखणारे बहुधा कुणी नसते.

याच पहारेकऱ्यांना वैद्यकाने कामालाही लावले आहे. कोल्चिसिनची अर्ध्या मिलिग्रॅमची गोळी गाऊटच्या दुखण्यात दिली जाते, आणि त्यासाठी तमिळनाडूत कळलावीची शेती होते. तिथली ती राज्यफूल आहे. स्नोड्रॉप या कंदफुलातून पूर्व युरोपात गॅलँटामिन हाती लागले, आणि २००१ मध्ये अमेरिकेत ते अल्झायमरच्या स्मृतिभ्रंशावर मान्य झाले. गोळीत मात्रा मोजलेली असते. कंदात ती किती आहे, हे चिरणाऱ्याला कळत नाही.

नावांचा घोळ

‘लिली’ हा शब्द आपण फार सढळपणे वापरतो. पावसाळी लिली, स्पायडर लिली, पीस लिली यांपैकी कुणीही खरी लिली नाही. पुष्पगुच्छात येणारी, मोठ्या पाकळ्यांची, थरांच्या कंदाची लिली ही खरी. तिचे पान किंवा परागदेखील मांजरीच्या पोटात गेले तर तिची मूत्रपिंडे निकामी होऊ शकतात. घरात मांजर असेल तर ही लिली आणूच नये, आणि कुणी ‘लिलीचे कंद’ दिले तर कोणती, हे विचारावे.

निशिगंधाबद्दलही एक गैरसमज आहे. रात्री झाडे प्राणवायू ओढून घेतात म्हणून कुंडी खोलीत ठेवू नये, असे सांगतात. एक-दोन कुंड्यांच्या श्वासाने खोलीतल्या हवेत जाणवण्याजोगा फरक पडत नाही. त्याचा उग्र सुवास मात्र अर्धशिशी किंवा दमा असलेल्यांना बंद खोलीत त्रासदायक ठरू शकतो. त्यांनी फुले गॅलरीतच ठेवावीत.

ताटली आणि खुरपे

कुंडीखालच्या ताटलीत साचलेले पाणी कंद सडवते आणि डेंगीचा एडिस डासही वाढवते. अंड्यापासून उडणारा डास तयार व्हायला आठवडा-दहा दिवस पुरतात. आठवड्यातून एकदा ताटल्या रिकाम्या करून घासाव्यात. अंडी कडेला चिकटून कोरडी राहिली तरी महिनोन्‌महिने जगतात, म्हणून नुसते ओतून भागत नाही. दिवसाआड पाण्यामुळे भरून ठेवलेली पिंपे, बादल्या घट्ट झाकाव्यात. कंदाला रोज पाणी लागतही नाही. बोटाचे एक पेर मातीत घालून ती कोरडी लागली तरच द्यावे.

खुरप्याने हात कापला तर जखम वाहत्या पाण्याने आणि साबणाने धुवावी आणि धनुर्वाताच्या लसीबद्दल डॉक्टरांना विचारावे. मोठेपणी दर दहा वर्षांनी तिचा वर्धक डोस लागतो, हे बहुतेक जण विसरतात. मधुमेह असलेल्यांनी मातीत अनवाणी काम करू नये.

पिशवीवर काय लिहावे

कंद वाटताना चार गोष्टी पाळल्या, तर वर सांगितलेले बहुतेक धोके टळतात. जाळीच्या किंवा कागदी पिशवीवर ठळक अक्षरांत झाडाचे नाव लिहावे. नाव ठाऊक नसेल तर फुलाचा रंग आणि कुणाकडून आले ते लिहावे. त्याखाली ‘खाण्याचे नाही’ हे दोन शब्द लिहावेत, आणि घरकामाला येणाऱ्या मावशींनाही ते तोंडी सांगावे. पिशवी ओट्यावर, कांद्या-बटाट्याच्या टोपलीत किंवा फ्रिजच्या भाजीच्या कप्प्यात न ठेवता मुलांचा हात पोहोचणार नाही अशा कोरड्या जागी टांगावी. आणि कळलावी, लहान मूल असलेल्या घरी देऊच नये.

तरीही कुणी कंद खाल्लाच, तर तोंडातला घास काढून चूळ भरायला लावावी. मिठाचे पाणी पाजून किंवा घशात बोटे घालून उलटी काढू नये. त्रास सुरू होण्याची वाट न पाहता रुग्णालय गाठावे, आणि उरलेला कंद, पान किंवा फुलाचा फोटो सोबत न्यावा. रुग्णवाहिकेसाठी १०८ आणि दिल्लीच्या एम्समधील राष्ट्रीय विषमाहिती केंद्राचा १८०० ११६ ११७ हा निःशुल्क क्रमांक फ्रिजच्या दारावर लिहून ठेवायला हरकत नाही. डॉक्टरांचा पहिला प्रश्न ‘काय खाल्ले?’ हाच असतो. त्याचे उत्तर पिशवीवर लिहिलेले असेल, तर उपचारातला मोलाचा वेळ वाचतो.